फ्लेक्सवर बापाचा फोटो

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं घेऊन:

"ताई, माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. थोरला मुलगा पुढच्या महिन्यात सोळा पूर्ण करतोय. अकरावीला आहे, फुटबॉल खेळतो, अभ्यासात बरा आहे. आजवर त्याचा वाढदिवस घरातच झाला. आई औक्षण करते, मामा-आत्या येतात, केक, जेवण. यंदा म्हणाला, 'पप्पा, घरात काय नको. पोरं करणार हायत.' पोरं करणार म्हणजे काय, तर शनिवारी रात्री बारा वाजता चौकात, गाडीच्या सीटवर केक ठेवून. स्नो स्प्रे, फटाके. एका मित्राचा भाऊ तलवार आणणार म्हणे. शिवाय गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स. त्याचं डिझाइन मला घरच्या कॉम्प्युटरवर सापडलं. मधे गॉगल लावलेला त्याचा फोटो, खाली वीस-बावीस पोरांचे फोटो, आणि वर कोपऱ्यात माझ्या वडिलांचा आणि माझा फोटो, मला न विचारता. भेट म्हणून मोपेड मागितलीय. मी सांगून टाकलं, वाढदिवसच करायचा नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बायको रडते, म्हणते पोरगं हातातून गेलं. आई म्हणते, करू दे की, एवढं काय त्यात. मी काय करू? त्याच्या मित्रांच्या घरी फोन लावू का?
– एक बाप, कोल्हापूर"

दादा,

तुमच्या पत्रात तलवार आहे, मोपेड आहे, वहिनींचं रडणं आहे, पण मी अडकले ती फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात. तुमच्या वडिलांचा आणि तुमचा फोटो त्यानं तिथं घेतलाय. तुम्ही ते 'मला न विचारता' म्हणून तक्रारीत धरलंत. आपल्याकडच्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत कोण असतं ते तुम्ही येताजाता बघता. देव, शिवाजी महाराज, शाहू महाराज, मग ज्याला मानतात तो पुढारी. तुमच्या पोरानं त्या जागेवर आजोबाला आणि बापाला बसवलंय. ज्याला घर नकोसं झालंय ते पोरगं असं करत नाही. त्याला पेठेला सांगायचंय की मी यांचा नातू, यांचा मुलगा, आणि आता मी मोठा झालोय. वहिनींना एवढं तरी आज रात्रीच सांगा.

या वयाची पोरं मानाला भुकेलेली असतात. आणि मान कसा मिळतो हे ती लहानपणापासून आपल्याच शहरात बघत आलीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की अख्खी पेठ एकेका खेळाडूचं नाव घेऊन ओरडते. तालमीत, मंडळात कुणाला पुढं बसवायचं हे ठरलेलं असतं. गल्लीत कुणाचा वाढदिवस झाला हे फ्लेक्सवरून कळतं. तुमचा मुलगा हेच बघत वाढला. घरात मात्र त्याला अजूनही 'दप्तर उचल', 'मोबाइल ठेव', 'आंघोळ केलीस का' एवढंच ऐकू येत असेल. मग तो मान मिळवायला चौकात जाणार. त्यात तुम्ही वाढदिवसच रद्द केलात. त्याच्या कानाला ते कसं लागलं असेल? की या घरात माझ्या मोठं होण्याची कुणाला किंमत नाही.

म्हणून आधी तो शब्द मागं घ्या. सगळ्यांदेखत नको, जेवणाच्या ताटावर तर अजिबात नको. संध्याकाळी त्याला वर्कशॉपवर बोलवा. मशीन बंद झाल्यावर, कामगार गेल्यावर, चहा मागवा आणि दोघं बसा. तिथं तुम्ही नुसते ओरडणारे पप्पा नसता, धंदा उभा केलेला माणूस असता, आणि त्याला ते दिसतं. सुरुवात फ्लेक्सपासून करा. "डिझाइन बघितलं मी. आजोबांचा फोटो कुठला घेतलास रे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्याला बोलायला वेळ लागेल, लागू द्या. मग सांगा, "वाढदिवस करायचा नाही म्हणालो ते चुकलं. करायचा, आणि दणक्यात करायचा. पण तीन गोष्टींना माझा नकार आहे, त्याची कारणं ऐकून घे. बाकी सगळं तू ठरव."

त्या तीन गोष्टी म्हणजे तलवार, मोपेड आणि मध्यरात्रीचा चौक. यावर घासाघीस नको, पण कारण प्रत्येकाचं द्या. 'मी सांगतोय म्हणून' हे सोळाव्या वर्षी चालत नाही.

तलवारीचं अगदी सरळ सांगा. तलवारीनं केक कापला म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, राज्यभर होत आलेत. बहुतेक वेळा पोरांनी स्वतःच टाकलेल्या रीलवरून पोलीस घरापर्यंत येतात. अठराच्या आतला असला तरी सुटका नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. ज्या पोराला पुढं पोलीस भरती, सैन्य किंवा परदेशातलं शिक्षण खुणावत असेल, त्याला ही कटकट कशाला हवी? खरी अडचण वेगळीच आहे. त्याला स्वतःला ती तलवार नको असली तरी मित्राच्या भावाला 'नको' म्हणायचं कसं? त्यासाठी त्याला तुमचं नाव वापरू द्या. "सांग त्यांना, आमचे पप्पा लई डेंजर आहेत, तलवार दिसली तर कार्यक्रमच बंद करतील." या वयात पोरांना बापाच्या कडकपणाची अशी आडोशाला म्हणून फार गरज असते. मित्रांत मान राहतो आणि नकोत्या गोष्टीतून सुटकाही होते. बाप वाईट ठरला तरी चालेल, पोरगं वाचलं पाहिजे.

मोपेडचं गणित बघा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचं. दारोदारी दिसणाऱ्या मोपेड शंभर सीसीच्या वरच्या आहेत, त्यांना अठरा पूर्ण लागतात. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, त्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ही शेवटची अट त्याला नीट समजावा. बापाच्या तुरुंगापेक्षा नऊ वर्षं बिनगाडीचं राहणं त्याला जास्त लागेल, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका, वयच तसं आहे. नुसता नकार देऊन उठू नका. त्याला तारीख द्या. "अठरावा वाढदिवस झाला की मी स्वतः तुला आरटीओत घेऊन जातो. लायसन्स निघालं की एमएच ०९ ची गाडी तुझ्या नावावर." दोन वर्षं लांबचं का असेना, बापानं दिलेला शब्द पोरं धरून ठेवतात. यंदा त्याच्या आवडीचे फुटबॉलचे चांगले शूज घ्या, पण दुकानात त्यालाच निवडू द्या.

आता मध्यरात्रीचा चौक. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर लावता येत नाही, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. फटाक्यांनी कोपऱ्यावरची म्हातारी माणसं, तान्ही बाळं दचकून उठतात. अशा पोरांना गल्ली काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. स्नो स्प्रेचं मात्र पोरांना खरंच ठाऊक नसतं. डब्यातून फेस बाहेर ढकलायला बऱ्याचदा पेट घेणारा गॅस भरलेला असतो. पेटत्या मेणबत्तीसमोर, फुलबाजीसमोर तो उडवला की क्षणात भडका होतो, आणि समोर असतो तो वाढदिवसवाल्याचा चेहरा. डब्यावर बारीक अक्षरात इशारा छापलेला असतो. एक डबा आणून त्याच्याच हातात द्या, त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा. केक तोंडाला दाबायचा प्रकारही थांबवायला सांगा, मोठ्या केकच्या थरांना आधार म्हणून आत काड्या खोचलेल्या असतात. आणि लाथांचे 'बंप्स' घालायचे असतील तर पाठीच्या कण्यावर नको आणि पोटावरही नको, हे पोरांना तुम्ही स्वतः एकदा हसत-हसत पण ठाम सांगा. मला विचाराल तर ते पूर्ण बंदच व्हावेत.

पण दादा, बारा वाजता या गोष्टीला या पोरांच्या लेखी फार अर्थ आहे. पहिल्या मिनिटाला कोण आलं, कुणाचा मेसेज पहिला आला, हे ती वर्षभर लक्षात ठेवतात. ते काढून घेऊ नका. शनिवारी रात्री बाराला त्याच्या जवळच्या आठ-दहा मित्रांना तुमच्या गच्चीवर बोलवा. शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. स्पीकर नाही, फटाके नाहीत, साडेबाराला खाली. दार वहिनींनी उघडावं, पोरांना पाणी द्यावं आणि मग दोघांनीही खाली येऊन थांबावं. गच्चीवर पुन्हा पुन्हा डोकवायला जाऊ नका. कुणी कसं घरी जाणार हे आधी विचारून ठेवा. लांबच्या पोरांना तुम्ही सोडून या, नाहीतर हॉलमध्ये सतरंजी टाका.

आणि तो फ्लेक्स? गच्चीवर लावा. चौकातल्या फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते, विनापरवाना लावला तर विद्रूपीकरणाचा कायदा आहे, १९९५ चा. शिवाय वाऱ्यानं सुटलेला फ्लेक्स कुणाच्या गाडीवर पडला तर त्यावर नाव तुमचंच आहे. पण त्यानं इतकं जीव लावून केलेलं डिझाइन फेकायला लावू नका. लहान आकारात छापून आणा, पैसे तुम्ही द्या, आणि केकच्या मागं बांधा. फोटो तिथंच निघणार, ते इन्स्टाग्रामवर जाणार, आणि चौकातून जाणाऱ्यांपेक्षा जास्त लोक तिथं बघणार. हे त्याला तुमच्याआधी कळेल. 'युवा नेतृत्व' वगैरे काही लिहिलं असेल तर ते राहू द्या, त्यावर बोलायची ही वेळ नव्हे. फक्त एक मागा, आजोबांचा फोटो तुम्ही द्याल तो घ्यायचा, कपाटातला चांगला.

रविवारची सकाळ त्याला आखू द्या. एक रक्कम ठरवा, रोख त्याच्या हातात द्या आणि सांगा, यात बसव, उरले तर तुझे, कमी पडले तर मागायचं नाही. मला सुचतं ते असं की सकाळी लवकर मैदानावर दोन टीम पाडून मॅच, त्यानंतर मिसळ. फुटबॉल खेळणाऱ्या पोराला यापेक्षा मोठा वाढदिवस कुठला? पण त्याला टर्फ बुक करायचं असेल, पन्हाळ्याला जायचं असेल, संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचं असेल, तर ते त्याचं. पन्हाळ्याला जायचं ठरलं तर एसटीनं, नाहीतर मोठ्या माणसानं चालवलेल्या गाडीनं. त्या घाटात पोरांच्या मोपेड नकोतच, पावसाळ्यात तर अजिबात नकोत, एवढंच बघा. हिशेब मागू नका. त्यानं आपणहून सांगितला तर ऐका.

दुपारचं जेवण मात्र तुम्ही मागून घ्या. "दुपारी पोरांना घरी आण, मटण मी करतो." वहिनींनी नव्हे, तुम्ही. रविवार आहे, तांबडा-पांढरा होऊन जाऊ दे. सकाळी मटण आणायला जाताना धाकट्याला बरोबर न्या, आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काढून ठेवा, खोबऱ्याचं दूध, खसखस वाटून पांढरा लावा, आणि पंगत बसली की वाटी घेऊन तुम्ही स्वतः वाढायला फिरा. मॅच खेळून आलेली पोरं किती रस्सा पितात ते बघाच. ज्या बापाचा फोटो फ्लेक्सवर होता तो आपल्याला 'अजून घे रे' म्हणत वाढतोय, हे त्या वीस-बावीस पोरांच्या लक्षात राहणार, आणि तुमच्या मुलाची मान आपोआप ताठ होणार. शिवाय त्याचे मित्र कोण, कोण अबोल आहे, कोण आगाऊ आहे, कुणाच्या घरी काय चाललंय, हे तुम्हाला एका पंगतीत कळेल. चौकशी करून हे कधी कळत नाही. एखादं पोर माळकरी घरातलं असेल तर त्याच्यासाठी अख्खा मसूर वेगळ्या भांड्यात करा, आणि ते वाढताना त्याची चेष्टा होऊ देऊ नका.

आता वहिनींविषयी. त्यांचं दुःख मला पोराच्या हट्टाइतकंच खरं वाटतं. सोळा वर्षांपूर्वी त्या दिवशी त्यांनीही काही सोसलंय, हा दिवस त्यांचासुद्धा आहे. पण तो 'घरात काय नको' म्हणाला तेव्हा त्याला आई नको नव्हती, माझी खात्री आहे. मामा, आत्या, चुलत्या, शेजारच्या काकू आणि चार मोबाइल समोर धरलेले असताना पाटावर बसणं त्याला नको आहे. आवाज फुटलाय, ओठावर लव आलीय, आणि सगळे 'अगं बाई, किती मोठा झाला' म्हणून गाल ओढतायत. त्याचं अवघडणं समजून घ्या. रविवारी सकाळी तो मैदानावर निघायच्या आधी घरातल्या चौघा-पाच जणांत औक्षण होऊ दे. पाट, छोटीशी रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, वहिनींच्या बोटातली अंगठी. फोटो नाही, व्हिडिओ नाही. आता तो आईपेक्षा उंच असणार, पाटावर बसला की कपाळावर कुंकू लावायला तिचा हात पोचतो. पाच मिनिटांत होतं हे सगळं. आणि वहिनींना एक विनंती, स्टेटसला त्याचा लहानपणीचा उघडानागडा फोटो या वर्षी नको. कुठला टाकू, ते त्यालाच विचारावं.

पाहुण्यांचं काय, म्हणाल. त्यांच्यासाठी तिथी आहे ना. त्याची जन्मतिथी वहिनींना पाठ असणारच. तारीख पोराला द्या, तिथी आईला द्या. तिथीच्या दिवशी मामा-आत्यांना बोलवा, पुरणपोळी करा, देवाला जा, अंबाबाईची ओटी भरा, जे वहिनींच्या मनात आहे ते सगळं होऊ दे. त्या दिवशी पोरानं घरात थांबायचं आणि सगळ्यांच्या पाया पडायचं, हे वर्कशॉपवरच्या बोलण्यात त्याच्याकडून कबूल करून घ्या. एवढं मिळाल्यावर तो नाही म्हणणार नाही. आपल्या जुन्या माणसांनी तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळली, त्याचा असा उपयोग होतो. साधारण दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळून येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. म्हणजे एकोणिसाव्याला हे दोन्ही वाढदिवस बहुतेक एकत्रच येतील. तोवर तोच आपणहून म्हणेल, घरात करूया.

तुमच्या आईंचं 'करू दे की' अगदीच टाकाऊ नाही. फक्त त्यांना तलवारीचं कुणी सांगितलंय का ते बघा.

कुणीतरी तुम्हाला सुचवेल की त्यापेक्षा रक्तदान शिबिर घ्या. सोळाव्या वर्षी रक्त देता येत नाही, अठरा पूर्ण लागतात, तेव्हा तो बेत दोन वर्षं पुढं ठेवा. अनाथाश्रमात नेऊन केक कापायचंही सुचवतील. पोराच्या मनात ते आपणहून आलं तर जरूर जा. त्याला शिस्त लावायची म्हणून नेऊ नका. तिथल्या मुलांना अशा केकवाल्या पाहुण्यांपुढं किती वेळा उभं राहावं लागत असेल याचा विचार व्हावा. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगं उभी केली, तिथं पोरांना रोज डोक्यावर छप्पर आणि पोटाला अन्न मिळावं ही सोय होती. असं काही करायचं असेल तर वर्षभर एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचला आणि कुणाला सांगू नका.

राहिला मित्रांच्या घरी फोन करण्याचा प्रश्न. सगळ्यांच्या घरी फोन करू नका, पोरगं तोंड दाखवू शकणार नाही. फक्त तलवारवाल्या मुलाच्या वडिलांना करा, आणि तोही मुलाला आधी सांगून. "मी त्याच्या बाबांशी बोलणार आहे, तुझं नाव येऊ देणार नाही," असं सांगा आणि तो शब्द पाळा. फोनवर तक्रारीचा सूर लावू नका. "रविवारी जेवायला तुमच्या पोरानं यायचंच," असं त्यांना आमंत्रण आधी द्या, मग तलवारीचं काढा. समोरचा चिडला तर वाद घालू नका. तलवार गच्चीवर येणार नाही, एवढं तुमच्या हातात आहेच.

बोलणं मात्र या आठवड्यातच करा. महिनाभर अबोला धरून आदल्या दिवशी मटण आणलंत, तर पोरगं ते खाणार नाही.

– तुमची ताई